दोन टेबलांमधला प्रवास

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला फिरवावं लागायचं. रेल्वेने कॉर्ड लाइन टाकून बऱ्याच गाड्यांची ती कटकट मिटवली. पण दौंड काय नि शिरूर काय, कुठल्याही कचेरीत या टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलावर पाठवायची म्हटली, की आजही इंजिन उलटंच फिरतं. दोन्ही संगणक एकाच नेटवर्क स्विचला जोडलेले, तरी स्क्रीनवर पासवर्डची चौकट. आणि पासवर्ड बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या डोक्यात.

मग निदान सुरू होतं. एक म्हणतो व्हायरस, दुसरा म्हणतो लाइटचा प्रॉब्लेम, तिसरा राउटर बंद-चालू करतो. केबलची क्लिप तुटून ती सेलोटेपवर लोंबकळतेय, हे कुणी बघत नाही. नेटवर्क ‘पब्लिक’वर असल्याने विंडोज शेअरिंग अडवतंय, हेही नाही. 2017च्या वॉनाक्राय रॅन्समवेअर हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल एसएमबी-1 नव्या विंडोजमध्ये बंदच ठेवला. आपण तो हुडकून चालू करतो आणि ‘झालं काम’ म्हणत चहा मागवतो.

तेही फसलं, की पेन ड्राइव्ह. तो फॅट-32 फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीची फाइल नाकारतो. व्हायरसला मात्र कधी नाही म्हणत नाही.

तेव्हा मंडळी, आधी केबल बघा, मग दोन्हीकडचा आयपी, मग फोल्डरची परवानगी. फॉरमॅट मारणाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलवा.