इन्कॉग्निटो व्रत : विधी आणि फलश्रुती

कोणी करावे : घरात लॅपटॉप एक आणि माणसे पाच, अशा प्रत्येकाने. विषय टक्कल, घोरणे, नवी नोकरी किंवा बायकोसाठी गुपचूप घ्यायची पैठणी, काहीही चालतो.

परंपरा : सफारीत हे व्रत २००५ साली आले. २००८ मध्ये क्रोमने त्याला टोपी-चष्मेवाला हेर दैवत म्हणून दिला.

विधी : दाराकडे पाठ करून बसू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकदम दाबावीत. फायरफॉक्सपंथीयांनी एनऐवजी पी. काळी खिडकी उघडते. तीवरची सूचना न वाचण्याची प्रथा आहे, कारण वाचली तर व्रतावरची श्रद्धा उडते. तिथे चक्क लिहिलेले असते की, तुम्ही काय करता हे त्या त्या वेबसाइटला, ऑफिसला आणि इंटरनेट कंपनीला तरीही दिसू शकते.

निषिद्ध : गुप्त खिडकीत आपल्याच खात्यात लॉगिन करू नये. ते तोंडाला रुमाल बांधून गळ्यात ओळखपत्र अडकवण्यासारखे आहे.

फाइल तर मुळीच उतरवू नये. एका साधकाने (त्याचा चष्मा आत्ता माझ्याच नाकावर आहे) 'सात दिवसांत घोरणे बंद' ही पीडीएफ उतरवली आणि खिडकी मिटली. हिस्टरी पुसली गेली. पीडीएफ मात्र डाउनलोड्समध्ये, चिरंजीवांच्या दहावीच्या हॉल तिकिटाच्या बरोबर वर बसून राहिली. रात्री ताटात आमटी वाढताना आईने सहज विचारले, "अरे, आज कितवा दिवस?"

उद्यापन : सगळ्या गुप्त खिडक्या मिटाव्यात. एक जरी उघडी राहिली, तरी कुकीज जिवंतच.

शंकासमाधान : 'गुप्त म्हणता, मग आमची माहिती गोळा कशी झाली?' असे विचारत अमेरिकेत काही जणांनी २०२० मध्ये गूगलवर दावा ठोकला. २०२४ च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले. म्हणजे त्या होत्या.

फलश्रुती : या व्रताने जगापासून फारसे काही लपत नाही, लपते ते एवढेच की, त्याच लॅपटॉपवर पुढे बसणाऱ्या घरच्यांना हिस्टरी कोरी दिसते. आणि घोरणे तर घरच्यांना ब्राउझरशिवायच ऐकू येते.