शॉकअपकाका

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत एक काका राहतात. दुचाकीवर डबलसीट निघालात आणि ते गेटाशी उभे असले, की पहिला प्रश्न, "वजन किती?" हा प्रश्न तुम्हाला नसतो, मागे बसलेल्या बाईंना असतो. ज्या वहिनी दवाखान्यातल्या काट्यावर चढताना पर्स, चपला, मोबाईल सगळं बाजूला ठेवतात, त्या काकांना मुकाट्याने खरा आकडा सांगतात. दोन किलो चोरले तर काका गाडीची शेपटी न्याहाळून म्हणणार, "स्प्रिंग तसं म्हणत नाही!"

मग खांद्यावरच्या पिशवीतून वाकडा पाना निघतो. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपला बुडाशी पाच खाचांची कडी असते. एरवी ती कंपनीतून आली तशीच गंजत राहते. काका आधी तिच्यावर टूथब्रश फिरवतात, मग तेलाचा थेंब, मग 'कट्' असा आवाज. दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर हव्यात. एक दुसरीवर आणि एक तिसरीवर राहिली तर काकांना त्या रात्री झोप लागत नाही. त्यानंतर शिंप्याची टेप. गाडी मधल्या स्टँडवर असताना मागच्या आसापासून सीटखालच्या बोल्टापर्यंतचं अंतर, मग माणसं बसवून तेच अंतर. "चाकाची जेवढी चाल, तिचा साधारण तिसरा हिस्सा बसला पाहिजे. ह्याहून जास्त बसलं तर पुढचं हँडल हलकं पडतं, गाडी वळायला आळस करते."

"म्हणजे स्प्रिंग कडक करायची ना, काका?" असं मात्र चुकूनही म्हणू नये. "स्प्रिंग तीच राहते रे! ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवायची, म्हणजे मागचा भाग वर येतो." हे वाक्य इमारतीतल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. अ‍ॅक्टिव्हाला मागे एकाच बाजूला एकच शॉकअप, हे काकांचं जुनं दुःख. स्वतःची गाडी ते भाजी मार्केटच्या पुढे नेत नाहीत. नेली तर सेटिंग बिघडेल.

तरी मागच्या हिवाळ्यात काकूंनी त्यांना गुलमर्गला नेलंच. तिथे काकांनी पहिल्यांदा स्नोमोबाईल पाहिली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि त्या पट्ट्याच्या पोटात अख्खं सस्पेन्शन! लोक फोटो काढत होते, काका बर्फावर आडवे होऊन आत डोकावत होते. पट्ट्याच्या आतला पुढचा दांडा किती खाली उतरायचा, हे तिथे एक छोटा वादीसारखा पट्टा ठरवतो. तो आवळला की भार पुढच्या पट्ट्यांवर येतो आणि त्या बर्फात रुततात, गाडी सांगितल्या दिशेला वळते. सैल सोडला की भार मागे जातो. काकांनी चालकाला फर्मावलं, "एक भोक टाइट करो."

चालक तिथलाच, बर्फात वाढलेला. तो म्हणाला, "साहब, नरम बर्फ है. आगे वजन डालोगे तो नाक अंदर घुस जाएगी."

काका उठून उभे राहिले. अंगावरचा बर्फही झटकला नाही. त्यांच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. पुढचा तासभर दोघं त्या यंत्राखाली. भाड्याच्या गमबुटांत काकू उभ्या. शेवटी त्या दुसऱ्याच गाडीवर बसून फेरी मारून आल्या, वर म्हणाल्या, "छान वळते हो!"

घरी परतल्यावर काका महिनाभर खुशीत होते. नंतर एका सकाळी गेटाशी कपाळाला हात लावून बसलेले दिसले. कोणी गेलं की काय, म्हणून मी घाबरून विचारलं.

"अरे, वळणावरचा तो मोठा खड्डा," काका म्हणाले, "रात्रीत बुजवला त्यांनी! पंधरा गाड्या मी त्या खड्ड्यावर सेट केल्यात."