पांढऱ्यावर पांढरं

आमच्या ओळखीतल्या एका मसालेवाल्यांनी वेबसाइट करून घेतली. पानाच्या तळाशी मोठी मोकळी जागा. सहज माउस ओढला, तर निळ्या पट्ट्यात अक्षरं उगवली : 'गोडा मसाला, उत्तम गोडा मसाला, पुण्यातील उत्तम गोडा मसाला, स्वस्त उत्तम गोडा मसाला...' असं चाळीसएक वेळा. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. गिऱ्हाइकाला दिसू नयेत, गूगलला मात्र दिसावीत. करून देणारा मुलगा म्हणाला, "काका, ही टेक्निक आहे."

टेक्निक कसली, मांजरीनं डोळे मिटून दूध प्यावं तशातली गत. लपवलेला मजकूर गूगलच्या नियमावलीत फार पूर्वीपासून निषिद्ध. गूगलला एक पान आणि माणसांना दुसरं, असा खेळ बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटनं केला, तेव्हा २००६ साली तिलाही यादीबाहेर बसवलं होतं. तिथं आमच्या गोड्या मसाल्याला कोण विचारतंय! बरं, पठ्ठ्यानं पानाच्या कोडमधल्या 'कीवर्ड्स' टॅगमध्येही शे-दीडशे शब्द कोंबलेले. तो टॅग क्रमवारीसाठी आम्ही बघतच नाही, हे गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय.

नियमावलीचं मुख्य म्हणणं एवढंच, की माणसांच्या उपयोगाचं लिहा. नेमकं तेच राहिलं. एवढ्या शब्दांच्या गर्दीत दुकानाची वेळ नाही, पत्ता नाही, पाव किलोचा भावही नाही. शेवटी मसालेवाल्यांना फोन केला. सोमवारी दुकान बंद असतं.