सीआर

दर महिन्याच्या अठरा तारखेला, सातच्या बातम्या ऐन रंगात आलेल्या असताना, देहूरोडच्या विकासनगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावर टीव्हीचा आवाज बंद होतो. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलेलं असतं. पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. काका तो टाइप करताना मोठ्याने म्हणतात. त्यामुळे घरच्यांना, समोरच्या बिऱ्हाडाला आणि जिन्यात थांबलेल्या दूधवाल्यालाही तो पाठ आहे.

मग चष्मा कपाळावर जातो, मोबाइल नाकाजवळ येतो आणि बोट सरसर खाली सरकू लागतं. किती खर्च झाला, हे काका आधी बघत नाहीत. कशावर झाला, हेही नाही. आकड्यांच्या रकान्यात ‘सीआर’ ही दोन अक्षरं कुठे दिसतात, तेवढंच ते शोधतात. सीआर म्हणजे क्रेडिट, जमा. मागच्या बिलाचा भरणा सोडला, तर बाकीच्या सगळ्या ओळी बँक काकांकडून वसूल करणार. ही एकच ओळ बँकेने काकांना द्यायची. परवाच्या स्टेटमेंटात ती सापडली तेव्हा आरोळी स्वयंपाकघरापर्यंत गेली.

“अगं, आले! अठराशे! अर्धा किराणा फुकट झाला आपला!”

“त्यासाठी खर्च किती केलात?” काकूंनी आतूनच विचारलं.

काकांनी टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला.

सोसायटीत त्यांना पॉइंटकाका म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. हा नमुना काही एकट्या देहूरोडचा नाही. चिंचवडला आहे, डोंबिवलीला आहे, ऑफिसातल्या प्रत्येक डब्याच्या टेबलावर एक आहे. पण देहूरोडच्या मातीत तो जरा जास्त चांगला रुजतो, असं म्हणायला जागा आहे. गावच मुळी साठ्यावर उभं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून इथे लष्कराचे डेपो, १९८४ पासून दारूगोळ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी. इथल्या कितीतरी घरांत वडील ‘डेपोत’ आणि मुलगा ‘फॅक्टरीत’ असायचा. काका डेपोतले, स्टोअरकीपर. आयुष्याची पस्तीस वर्षं त्यांनी बिन कार्डावर काढली. बिन कार्ड म्हणजे रॅकला लटकवलेला तो पुठ्ठा: आवक, जावक, शिल्लक. एक नट कमी भरला तर ऑडिटवाले जीव खात, आणि एक जास्त भरला तर दुप्पट खात. जास्तीचा आला कुठून, हे जास्त अवघड.

अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर पॉइंट पडले. दिसत नाहीत, गंजत नाहीत, पण मुदत संपली की बाद होतात. म्हणजे थेट स्टोअरचाच माल.

काकांनी एक लाँगबुक घातलं. पहिल्या पानावर लाल शाईने ‘पॉइंट: आवक–जावक’. जुना माल आधी काढायचा, नवा मागे ठेवायचा, हा डेपोचा नियम त्यांनी पॉइंटांनाही लावला. बँकेचा संगणक ते आपोआप करतो, हे मुलाने सांगून पाहिलं. “करत असेल. पण तपासायला कोणीतरी पाहिजे ना,” काका म्हणाले.

आता हा माल किमतीला केवढा? हिशोब सोपा आहे आणि काकांना तोंडपाठ आहे. त्यांच्या साध्या कार्डावर शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट पडतो आणि चार पॉइंटांचा एक रुपया होतो. शेकड्याला पाव रुपया. घरचा कार्डावरचा खर्च महिन्याला तीस हजार धरला तर ३०० पॉइंट, म्हणजे पंचाहत्तर रुपये. हे पंचाहत्तर रुपये दर महिन्याला बिलात वळते करून घ्यावेत, तर तिथे दारावर जकात नाका. बऱ्याच बँका पॉइंट वटवायला प्रत्येक खेपेला ९९ रुपये घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ११६ रुपये ८२ पैसे. पंचाहत्तर मिळवायला एकशे सोळा मोजणारा माणूस डेपोत टिकला नसता. मग साठवा. दोन हजार साठवले तर पाचशे रुपये येतात, पण जवळजवळ चौथाई नाक्यावर जाते. आणखी साठवा. पण किती? चोवीस महिने झाले की पहिल्या महिन्याचे पॉइंट बाद. या दोन भिंतींमधून वाट काढत काका अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. तोवर ७,२०० साठतात. अठराशे रुपये होतात. नाका वजा जाता हातात १,६८३ रुपये १८ पैसे.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे देऊन टाकू: सात लाख वीस हजार.

पॉइंट देऊन घड्याळ, बॅग, इस्त्री, विमानाचं तिकीट असं पुष्कळ काही मिळतं. काही कार्डांवर तिकीट काढलं तर पॉइंटाचा भाव बिलात वळते करण्यापेक्षा चांगला पडतो. सोसायटीतल्या आयटीवाल्या मुलाने हे फोनवर काढून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि विमानतळाची रिक्षा?” विमानाने जायला मुळात जावं लागतं. किराणा कुठेही न जाता लागतो. शिवाय वस्तू घेतली की हिशोब संपला, ती कपाटात गेली. बिलातल्या जमेची मात्र नोंद राहते. बँकेच्या कागदावर, बँकेच्या अक्षरात, आपल्या नावापुढे. डेपोतला माणूस वस्तूपेक्षा नोंदीवर जास्त विश्वास ठेवतो.

पॉइंट कुठे पडतात आणि कुठे नाहीत, याचा काकांचा अभ्यास एखाद्या ज्योतिषाच्या तोडीचा आहे. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला धंद्याप्रमाणे चार आकडी क्रमांक असतो. किराणा ५४११, पेट्रोल ५५४१, हॉटेल ५८१२, औषधांचं दुकान ५९१२. बँक त्यावरून ठरवते की पॉइंट द्यायचे की नाही. काकांना देहूरोड बाजारातली दुकानं पाटीवरून कमी आणि क्रमांकावरून जास्त आठवतात. लोणावळ्याला पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा चिक्कीच्या काउंटरवर त्यांनी शेंगदाण्याची की तिळाची, हे विचारलंच नाही. मिठाई-चिक्कीचा क्रमांक ५४४१, पेट्रोलचा ५५४१. एका आकड्याचा फरक, आणि पेट्रोलला त्यांच्या कार्डावर पॉइंट नाहीत. “मशीन नीट लावलंय ना?” असं त्यांनी विचारलं. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक चिक्की कापायच्या मशीनबद्दल बोलतंय. त्याने तेही दाखवलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय झाली, तो काकांच्या उत्तरायुष्यातला सोन्याचा दिवस. आता कोथिंबिरीवरही पॉइंट. पण गंमत अशी, की हे कार्ड फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. कोणाच्या खासगी खात्याच्या क्यूआरवर चालत नाही. स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीकडे क्यूआर होता तो तिच्या भाच्याचा, खासगी.

“मावशी, हा कोड बदलून घ्या. दुकानाचा घ्या.”

“दुकान कुठंय दादा? ही पाटी हाय.”

“पाटीचा घ्या मग! फुकट मिळतो.”

तीन चकरा झाल्या, भाचा सापडला, अर्ज भरून झाला, कोड आला. आज त्या मावशींकडे छापील व्यापारी क्यूआर आहे आणि काकांना मेथीची जुडी इतरांपेक्षा जाड मिळते. चाळीस रुपयांच्या भाजीला शंभराला एकच्या हिशोबाने शून्य पूर्णांक चार पॉइंट, आणि अपूर्णांक बँक देत नाही. हे काकांना नंतर कळलं. तेव्हापासून ते भाजी शंभराची घेतात. काकू म्हणतात, फ्रिजमध्ये पालक नाही, पॉइंट सडतायत.

काकांची सगळ्यात गाजलेली खरेदी मार्च महिन्यातली. वर्षात एक लाखाचा खर्च झाला की कार्डाची ४९९ रुपये वार्षिक फी माफ. दुसरं एक कार्ड मुलाने घेऊन दिलं होतं, त्यावर वर्षअखेरीला २,३०० रुपये कमी पडत होते. जीएसटीसह ५८८ रुपये ८२ पैसे वाचवायला काकांनी २,६५० रुपयांचा मिक्सर आणला. घरात दोन होते. तिसरा अजून खोक्यात आहे. कोणाचं लग्न निघतंय, याची वाट बघतोय.

यात हसण्यासारखं काही नाही, अशातला भाग नाही. पण हा रोग जुना आहे, आणि आपल्याकडे तो क्रेडिट कार्डाच्या आधीपासून आहे. बोहारीण दारात बसायची, तेव्हा दोन जुन्या साड्या आणि एका विटक्या पँटवर स्टीलचं पातेलं मिळवणारी प्रत्येक गृहिणी पॉइंटच वटवत होती. आणि शेवटी एक शर्ट ‘वर’ देऊन झाकण पदरात पाडून घ्यायचं, तो तिचा बोनस. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने ती खरेदीवर मिळवायची, वहीत चिकटवायची, वही भरली की वस्तू घ्यायची. काकांचं लाँगबुक त्याच घराण्यातलं.

आणि वेडात काका एकटे नाहीत. १९९९ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड फिलिप्स नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने एका कंपनीची ‘इतके बारकोड पाठवा, इतके विमानमैल मिळवा’ ही योजना वाचली आणि पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, कमाई साडेबारा लाख मैल. बारकोड सोलायला माणसं नव्हती, म्हणून पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केलं, बदल्यात त्यांच्या स्वयंसेवकांकडून बारकोड सोलून घेतले आणि वर दानाची करसवलतही मिळवली. पुढे त्याच देशात सरकारी टांकसाळ एक डॉलरची नाणी क्रेडिट कार्डावर घरपोच विकू लागली, पोस्टेज न लावता. लोकांनी हजारोंनी मागवली, खोकी न फोडता बँकेत भरली, त्याच पैशाने कार्डाचं बिल भरलं आणि मैल ठेवून घेतले. २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावरची ती विक्री बंद केली. काकांना ही गोष्ट मुलाने सांगितली तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. “फुकट पोस्टेज,” एवढंच म्हणाले.

फजितीही झालेली आहे. या अठराशेंच्या आधीच्या खेपेला काकांनी पॉइंट वळते करायचा अर्ज टाकला आणि बिल भरताना तेवढी रक्कम स्वतःच कापून उरलेली भरली. त्यांच्या मते देणंघेणं फिटलं. बँकेच्या मते नाही. जमा व्हायला काही कामाचे दिवस लागतात, ती पुढच्या स्टेटमेंटात दिसते आणि ती ‘भरणा’ धरली जात नाही. छापलेलं बिल ठरल्या तारखेला पूर्ण भरावंच लागतं. रक्कम अपुरी पडली, बिनव्याजी मुदत गेली, व्याज लागलं, व्याजावर जीएसटी. दोन वर्षांच्या साठ्यातला बराच ऐवज त्यात वाहून गेला. उशिराचा दंड तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम काकांनी हेल्पलाइनवरच्या मुलीला कलमासकट सांगितला. ती म्हणाली, “सर, दंड लावलेलाच नाही, व्याज लावलंय.” पस्तीस वर्षांत ऑडिटने काकांच्या नावावर एक आक्षेप काढला नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

इथून जवळच, ज्या देहूच्या नावावर देहूरोडचं स्टेशन आहे तिथे, सावकारीच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. काका बीजेला न चुकता देहूला जातात. स्टेटमेंटं मात्र २०१९ पासूनची फायलीत आहेत.

काकांचा खरा हातखंडा दुसऱ्याच्या बिलात आहे. किराण्याच्या रांगेत, औषधांच्या दुकानात, सोसायटीच्या सहलीच्या जेवणावर, कोणीही पाकीट काढलं की काकांचा हात आधी पुढे होतो. “राहू दे, माझ्या कार्डावर मारतो. तू मला रोख दे.” लोक हसतात, देतात. याच सवयीने दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता तळमजल्यावरच्या गृहस्थांना छातीत कळ आली तेव्हा अख्ख्या इमारतीत जागच्या जागी दोन लाख चाळीस हजार भरू शकणारा माणूस एकच निघाला. त्यांचा मुलगा बंगळूरूहून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पैसे आठ दिवसांत परत आले. अँजिओप्लास्टीनंतर शुद्धीवर आलेल्या माणसाने काकांना पहिला प्रश्न विचारला तो, “पॉइंट पडले का हो?”

“पडले,” काका म्हणाले. “चोवीसशे.”

तेव्हा देहूरोडच्या बाजारात बिल द्यायला उभे असाल आणि मागून कोणी अनोळखी वृद्ध गृहस्थ कार्ड पुढे करून म्हणाले, “मी भरतो, तुम्ही मला द्या,” तर संशय घेऊ नका. भरू द्या. फक्त सुटे पैसे जवळ ठेवा. ते पै-पैचा हिशोब तिथल्या तिथे करतात.