बेस्टचा तोटा

मुंबई महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाच्या बहुतांश बसगाड्या आता भाड्याच्या: गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभालही त्याचीच. बेस्टच्या वाट्याला उरला तो लाल रंग आणि प्रवाशांच्या शिव्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक विजेवरची बस गर्दीत घुसली, माणसे चिरडली गेली. त्यानंतर चालकाच्या प्रशिक्षणाची चौकशी सुरू झाली. ती आधी करण्याची प्रथा बहुधा परवडत नसावी. पाच महिन्यांनी किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले, कारण तोटा. सागरी किनारा मार्गावर मात्र महापालिकेने १३ हजार कोटींहून अधिक रुपये ओतले, आणि मोटारवाल्यांना टोल शून्य. तिथे तोट्याचा हिशेब कोणी मागत नाही.