फ्रीज-संगोपन: गृहस्थाश्रमींसाठी प्राथमिक सूचना

नव्या फ्रीजबरोबर कंपनी एक माहितीपुस्तिका देते. ती मूळ प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता हमीपत्रासकट फ्रीजच्या डोक्यावर, लाइटबिलांच्या खाली ठेवून द्यावी. फ्रीज भंगारात जाईपर्यंत ती कोरीकरकरीत राहते आणि त्याच्याबरोबरच जाते. तेव्हा तिच्यात लिहिलेलं दुसऱ्यांदा आणि न लिहिलेलं पहिल्यांदाच सांगावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी जागेचं बघू. फ्रीजच्या मागे आणि बाजूंना वारा खेळता ठेवा, असं कंपनी सांगते. आपल्याकडे ओटा संपतो तिथपासून बाथरूमच्या दारापर्यंत जी फट उरते, तिच्या मापाचा फ्रीज आणायची पद्धत आहे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला शेगडी, आणि मागे पिशव्या भरलेली पिशवी. मग एक दिवस कुणीतरी त्याच्या कडेला हात लावतं आणि ओरडतं, "अगं, हा तापलाय!" तापणारच. फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसरनं दाबलेला वायू नळ्यांतून फिरताना ती सोडून देतो, आणि हल्ली या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. म्हणजे भाजीतली ऊब शेवटी तुमच्याच स्वयंपाकघरात येते. तरीही मे महिन्यात दार सताड उघडं टाकून त्यासमोर स्टूल घेऊन बसणारा एक बुद्धिमान पुरुष घरोघरी असतो. त्याला बसू द्यावं. स्वयंपाकघर आणखी तापल्यावर तो आपणहून उठतो.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण फ्रीज हॉलमध्ये असे. गोदरेजनं 1958 मध्ये देशी फ्रीज काढला, पण मध्यमवर्गाच्या घरात तो शिरायला बरीच वर्षं जावी लागली. शिरल्यावर तो पाहुण्यांना दिसेल असाच उभा राहायचा: डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, हँडलला कापडी खोळ आणि दाराला चक्क कुलूप. आता कुलूप गेलं, रुमाल गेला. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र अजूनही घालावा. यंत्राला त्याचा उपयोग नाही, पण अपायही नाही.

आतल्या गोल बटणावर 1 ते 7 असे काहीतरी आकडे असतात. ते अंश सेल्सिअस नव्हेत. आकडा मोठा तेवढं गार, इतकाच त्यांचा अर्थ. घरातल्या निम्म्या मंडळींनी तो उलटा समजून घ्यावा आणि येता-जाता बटण फिरवावं. असं केलं की एका आठवड्यात दूध नासतं आणि पुढच्या आठवड्यात कोथिंबीर गोठते. ज्यांना एवढी विविधता नको असेल, त्यांनी साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. सकाळी 4 अंशांच्या आसपास दिसलं, की बटणाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. फ्रीझरला उणे 18 पुरे.

आता मुख्य विषय. फ्रीज हे अन्न टिकवण्याचं यंत्र आहे, हा गैरसमज आधी डोक्यातून काढावा. अन्न टाकून देण्याचा निर्णय लांबवण्याचं ते यंत्र आहे. सरकारी कचेरीत अर्ज नामंजूर होत नाही, नुसता प्रलंबित राहतो. उरलेल्या वांग्याच्या भाजीचंही तसंच. जेवण झाल्याबरोबर ती टाकली तर अन्नाचा अपमान होतो. आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून टाकली तर नाइलाज.

याची कार्यपद्धती ठरलेली आहे. रात्री ओट्याशी उभं राहून कढईतली भाजी पातेलीत आणि पातेलीतली वाटीत काढावी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भीड पडून चार घास खातं, की ती आणखी लहान वाटीत जाते. तिसऱ्या दिवशी त्या वाटीवर दुसरी वाटी पालथी पडते. "ही कसली भाजी?" असं जो विचारेल त्यानंच ती संपवायची, असा अलिखित कायदा असल्यामुळे चौथ्या दिवशी कुणी विचारत नाही. मग ती थालीपिठात जाते. थालीपिठानं नाकारावा असा पदार्थ मराठी स्वयंपाकघरात अजून शिजलेला नाही.

थालीपिठाच्या आधी एक चाचणी होते. वाटी तीन नाकांखालून फिरते, तिघंही "तसं बरं आहे" म्हणतात आणि कुणीच खात नाही. अडचण अशी की आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही. थंडीत जंतू मरत नाहीत, सुस्तावतात. लिस्टेरियासारखे काही तर फ्रीजमध्येही सावकाश वाढतात. म्हणून शिजवलेल्या अन्नाला तीन-चार दिवसांपलीकडे मुदतवाढ देऊ नये. भाताला तर त्याहून कमी, आणि तो निवल्याबरोबर आत जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फ्रीजमध्ये ठेवून शुद्ध होत नाही.

डबे शक्यतो आतलं दिसणार नाही असेच वापरावेत. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सापडलं तर घरात काहीतरी बिनसलंय असं समजावं. तिथे ठेचा किंवा इडलीचं पीठ असायचं. साय हा स्वतंत्र खात्याचा विषय. सायीचं पातेलं फ्रीजमधलं सगळ्यांत ज्येष्ठ रहिवासी असून त्याचं झाकण नेहमी एका बोटानं लहान असतं. लोणी काढायचं रविवारी, हे नक्की असतं. कोणत्या रविवारी, ते नक्की होत नाही. स्निग्ध पदार्थ आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतात. तेव्हा शेजारी चिरलेला कांदा उघडा ठेवला, की तुपाला आयती फोडणी मिळते.

बटाटेही आत ठेवावेत. गारव्यानं त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या गोडूस लागून पटकन काळ्या पडतात. केळी ठेवावीत, म्हणजे सालं काळी पडतील. पाव ठेवावा, बाहेरच्यापेक्षा आत तो लवकर कडक होतो. दाराच्या कप्प्यात अंड्यांसाठी खळगे असतात, त्यांत लिंबं ठेवावीत. अंडी न खाणाऱ्यांच्या घरात ती असतातच, खाणाऱ्यांच्या घरातही असतात. उरलेल्या जागेत पिझ्झ्याबरोबर आलेली सॉसची पाकिटं जमवावीत. ती वारसाहक्कानं पुढच्या पिढीकडे जातात.

फक्त औषधांच्या बाबतीत विनोद नको. न वापरलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही, आणि दारातही नाही, कारण उघडझाप सगळ्यांत जास्त तिथेच होते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

थंड पाण्याच्या बाटलीचा कायदा सर्वांना पाठ आहे: संपवेल त्यानं भरावी. म्हणून कुणी संपवत नाही. तळाशी दोन घोट ठेवून बाटली परत आत. "गार पाणी पिऊ नकोस, घसा धरेल," असं आजी म्हणते तेव्हा तिला हसू नये. तिच्या बाजूनं जुना दाखला आहे. 1834 मध्ये अमेरिकेतून जहाजानं मुंबईत बर्फ आला, जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं मुंबईच्या इतिहासात सांगतात.

बर्फावरून आठवलं. साध्या, एका दाराच्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फाची भिंत वाढली की त्यातला बर्फाचा ट्रे सुटत नाही. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष उलथनं घेऊन पुढे सरसावतो. त्याला अडवा. भिंतीमागे पातळ ॲल्युमिनियमच्या वाहिन्या असतात, आणि आजकालच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो. लायटरमधल्या वायूचा सख्खा भाऊ, तितकाच ज्वालाग्राही. डीफ्रॉस्टचं बटण दाबून पाणी होऊ द्यावं. पाणी पुसायला कुणी फडका घेऊन उभं राहायचं, यावर तेवढ्यात चर्चा करता येते.

दाराच्या रबराची परीक्षा नोटेनं घेतात. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा; सहज हातात आली तर रबर सैल झालंय. आधी ते जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या कोमट पाण्यानं घासून पाहा. पुष्कळदा रबर खराब नसतं, नुसतं आमरसानं माखलेलं असतं.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग मागच्या बाजूला खाली असतो. आत साठलेलं दव एका भोकातून वाहत कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये येतं आणि तिथल्या उबेनं वाळतं. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साचलेलं, स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर महापालिकेची माणसं घरात शिरल्या शिरल्या फ्रीजचा ट्रे विचारतात, आणि आपण त्यांना "आमच्या फ्रीजला ट्रे नाही" असं ठामपणे सांगतो. आठवड्यातून एकदा तो नुसता ओतू नका, घासून कोरडा करा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

वीज गेली की दर दहा मिनिटांनी दार उघडून "अजून गार आहे का" हे तपासायची प्रथा आहे. दार बंद राहिलं तर फ्रीज साधारण चार तास दम धरतो. प्रथा पाळली तर नाही.

आणि शेवटी मेकॅनिक. तो येतो, मागे टॉर्च मारतो, कॉम्प्रेसरला हात लावतो आणि म्हणतो, "गॅस संपलाय." तो स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तोच वायू वर्षानुवर्षं फिरत असतो, वापरून संपत नाही; कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न बुजवता गॅस भरला, तर तोही त्याच वाटेनं जाणार. तेव्हा "गळती कुठे आहे ते आधी दाखवा" एवढंच त्याला सांगा, आणि दाखवेपर्यंत चहाचं आधण ठेवू नका.