बॉनेटखालचे काका

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा. एका गाडीचं बॉनेट उघडं असतं आणि काका फक्त कमरेपासून खाली दिसत असतात. वरचे काका इंजिनात असतात. उभी हयात त्यांनी ऑडिटमध्ये लोकांच्या चुका काढण्यात घालवली. निवृत्तीनंतर आता ते गाडीच्या काढतात.

गॅरेजवर त्यांचा विश्वास नाही. "गाडी दिली की चांगला पार्ट काढून घेतात," हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे चांगले पार्ट ते स्वतःच काढतात. आजचा मानकरी रेडिएटरचा पंखा.

निदानात मात्र काकांना हरवणं अवघड. "सिग्नलला काटा वर, हायवेला काटा खाली. म्हणजे काय? धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. पंखा गेला!" इथपर्यंत सगळं बरोबर असतं. मग इतिहास सुरू होतो. "आमच्या पद्मिनीत पंख्याला मत नव्हतं. इंजिन फिरलं की पट्ट्यावर तोही फिरायचा. 1983 मध्ये मारुती 800 आली, इंजिन आडवं बसलं, पट्टा तिथवर पोचेना, म्हणून पंख्याला मोटर आली. तेव्हापासून तो मनाला येईल तेव्हा फिरतो. गाडी बंद केल्यावरसुद्धा!"

म्हणून बोटं आत घालण्याआधी काका बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. एवढी शिस्त त्यांनी घरचा मिक्सर उघडताना पाळली असती, तर गेल्या दिवाळीत अख्ख्या जिन्याची वीज गेली नसती. रेडिएटरचं झाकणही ते गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडत नाहीत. आत दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही कूलंट उकळत नाही; झाकण सैल केलं की मात्र उसळून थेट तोंडावर येतं. सांडलेला कूलंट ते तत्परतेने धुऊन काढतात, कारण तो गोड लागतो आणि विषारी असतो, आणि पार्किंगमधल्या मांजरांना लेबल वाचता येत नाही.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. वॉचमनदादांच्या हातात मोबाईलचा टॉर्च असतो. तो नेमकी जागा सोडून सगळीकडे उजेड पाडतो. वायरच्या कपलरचं लॉक वर्षानुवर्षं तापून बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं, ते दाबताक्षणी अर्धं हातात येतं. "हे असंच असतं," असं सांगून काका चिकटपट्टी मागवतात. मग दहाचा पाना. चार बोल्टपैकी तीन मुकाट्याने निघतात. चौथा तळाशी, हाताला लागतो तेव्हा डोळ्यांना दिसत नाही आणि दिसतो तेव्हा हात पोचत नाही. त्याच्यावरच सकाळ सरते.

तोवर फिरून आलेली मंडळी जमलेली असतात. "पाण्याचा पंप बघा." "थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको." या दुसऱ्या सल्ल्याने काका प्रथमच पूर्ण उभे राहतात आणि बॉनेटला डोकं आपटून घेतात. "आणि इंजिन तापमानाला यायचं कधी? मुक्कामाला पोचल्यावर?"

वरून गॅलरीतून आवाज येतो, "अहो, पोहे तिसऱ्यांदा गरम केलेत!"

अखेर चौथा बोल्ट शरण येतो. रेडिएटरच्या नाजूक जाळीला धक्का लागू नये म्हणून काका मध्ये पुठ्ठा सरकवतात (तो काकूंच्या पैठणीच्या खोक्याचा आहे, हे संध्याकाळी उघड होईल) आणि पंखा सरळ वर उचलतात. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा उत्साहाने पात्याच्या नटाला पाना लावतो. "थांब! उलटे आटे असतील. तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस!" चार वर्षांचं इंजिनिअरिंग तिथेच सैल होतं.

मोटरला थेट बॅटरीवरून दोन वायरी लावल्या जातात. पंखा असा भणाणतो, की खाली अंथरलेला पेपर उडतो. म्हणजे पंखा ठणठणीत. मग डब्यातला फ्यूज बाहेर येतो. तो जळालेला.

कोणी हसत नाही. काका शांतपणे म्हणतात, "बरं झालं काढला. धूळ बघा किती होती." मग सगळं उलट क्रमाने बसवतात. शेवटी एक बोल्ट उरणं ही नवशिक्यांची तऱ्हा. काका ऑडिटवाले, त्यांचा ताळेबंद जुळतो.

खरं तर क्रम काकांना पाठ आहे: आधी एसी लावून पाहायचा, कारण बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरतो, मग फ्यूज, मग रिले, आणि सर्वांत शेवटी पाना. पण फ्यूज बघायला दोन मिनिटं लागतात, आणि निवृत्त माणसाचा रविवार दोन मिनिटांत संपवायचा कसा? गॅरेजचे पैसे वाचवणं हे नुसतं निमित्त. तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर "आधी फ्यूज बघा" असं चुकूनही सांगू नका. बॅटरीची वायर काढली आहे ना, एवढंच बघा आणि पुढे व्हा.